घरी बांधलेली गाडी आणि फॉर्म २२ वरची सही

कराड तालुक्यातील एका तरुण वाचकाने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते लेथवर काम करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी १९९८ सालची एक मारुती ८०० भंगारवाल्याकडून २२ हजार रुपयांना घेतली. तिचे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि चाके वापरून चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर त्यांनी दोन आसनांची उघडी गाडी घरच्या शेडमध्ये बांधली, आणि सारा खर्च १ लाख ४० हजारांच्या आत बसवला. परिवहन कार्यालयाने पासिंगला नकार दिला. आता एक एजंट ३५ हजार रुपयांत जुन्या मारुतीचा नंबर या गाडीवर ‘बसवून’ देण्यास तयार आहे. हे पैसे द्यावेत का, असे ते विचारतात.

पैसे देऊ नका. याच आशयाची पत्रे मला वर्षातून अनेकदा येतात. कोणी मुलासाठी छोटी जीप केलेली असते, कोणी दुचाकीच्या इंजिनावर चारचाकी. जवळजवळ प्रत्येक पत्र गाडी पूर्ण झाल्यावर लिहिलेले असते. पहिला पाइप कापण्याआधी ते आले असते, तर दोन ओळींत उत्तर देऊन एका कष्टाळू माणसाची दोन वर्षे वाचवता आली असती. तुमच्या पत्रासोबतची छायाचित्रे मी पाहिली. मारुतीचा पुढचा सारा संच उचलून तो आसनांच्या मागे बसवण्याची कल्पना आणि वेल्डिंगची सफाई खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु तुमच्या प्रश्नात गाडी किती चांगली बांधली आहे याला स्थान नाही. तिच्यासाठी सही कोण करणार, एवढ्यावरच सारे ठरते.

नव्या वाहनाच्या नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ प्रमाणे जी कागदपत्रे जोडावी लागतात, त्यांत विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ आणि रस्त्यायोग्यतेचा दाखला म्हणजे फॉर्म २२ असतो. हे वाहन प्रदूषणाची व सुरक्षिततेची मानके पाळते, असे फॉर्म २२ मध्ये वाहनाचा उत्पादक लिहून देतो. हे लिहून देण्याचा अधिकार त्याला नियम १२६ मुळे मिळतो. त्या नियमाप्रमाणे प्रत्येक उत्पादकाला आपल्या वाहनाचा पहिला नमुना पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा अशाच नेमून दिलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हजारो गाड्या बनवणारा कारखाना हा खर्च प्रत्येक गाडीवर थोडा थोडा वाटून टाकतो. एकच गाडी बांधणाऱ्याला तो एकट्याने सोसावा लागेल, आणि तो तुमच्या एकूण अंदाजपत्रकाच्या कितीतरी पटींनी जास्त असेल. शिवाय १ एप्रिल २०२० पासून नवी गाडी नोंदवायची तर ती भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकाची असावी लागते. १९९८ सालचे कार्ब्युरेटरचे इंजिन त्या कसोटीला उतरणार नाही. म्हणजे उद्या कोणी उदार मनाने तपासणीचा खर्च उचलला, तरीही या इंजिनासह ही वाट बंदच राहते.

ब्रिटनमध्ये एकेकट्या माणसाने बांधलेली गाडी तपासून मान्य करण्याची स्वतंत्र पद्धत आहे, म्हणून तिकडच्या चित्रफिती पाहून आपल्याकडेही तसेच असणार असा समज होतो. आपल्या कायद्यात हौशी बांधणाऱ्यासाठी तशी वेगळी वाट ठेवलेली नाही. ती असावी असे माझे ठाम मत आहे. इतके कसबी हात असलेल्या राज्यात एखाद्याने स्वतःच्या खर्चाने एक गाडी तपासणीला आणली, तर तिला परवडेल असा मार्ग काढणे शासनाला अशक्य नाही. पण मत म्हणजे कायदा नव्हे, आणि तुम्हाला आजच्या कायद्याखाली वागायचे आहे.

अनेक वाचक सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण देतात. भंगारातून सुमारे ६० हजार रुपयांत त्यांनी बनवलेल्या जीपची चित्रफीत डिसेंबर २०२१ मध्ये देशभर पाहिली गेली. आनंद महिंद्रा यांनी कौतुक करतानाच जाहीरपणे लिहिले होते की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती अडवतील. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. लोक बोलेरो लक्षात ठेवतात, पहिले वाक्य विसरतात.

आता एजंटचे बोलणे पाहू. तुमची गाडी ही तीच मारुती असून तिच्यात फक्त ‘थोडा बदल’ झाला आहे, असे दाखवण्याचा त्याचा बेत दिसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या प्रकरणात या कलमाचा हाच कडक अर्थ कायम केला. इंजिन बदलणे किंवा मान्यताप्राप्त संच बसवणे यांसाठी पूर्वपरवानगीची सोय आहे, आणि अपंग व्यक्तींच्या वाहनांसाठी वेगळी तरतूद आहे. तुमचे प्रकरण यांपैकी कशातच बसत नाही. मारुती ८०० ला जीपसारखी वेगळी चासी नसते. तिची पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा, आणि चासी क्रमांकही त्याच पत्र्यावर कोरलेला असतो. तुम्ही ती काया कापून वजनावर भंगारवाल्याला परत दिलीत, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती मारुती संपली. आता तुमच्या पाइपवर तो क्रमांक पंच करणे म्हणजे बनावट ओळख तयार करणे होय. असे कागद खरे म्हणून वापरल्यास भारतीय न्याय संहितेतील बनावटीकरणाची आणि फसवणुकीची कलमे, म्हणजे ३१८, ३३६ आणि ३४०, लावली जाऊ शकतात. बिननोंदणीची गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९२ खालचा दोन ते पाच हजारांचा पहिला दंड भरून माणूस घरी जातो. बनावट कागदांचा खटला मात्र किती वर्षे चालेल हे मी सांगू शकत नाही. आमच्या न्यायालयांत अशा प्रकरणांत तारखांवर तारखा घेत आरोपीचे तारुण्य सरलेले मी पाहिले आहे, शेवटी निर्दोष सुटला तरीही.

शिवाय ही युक्ती फार काळ टिकणारीही नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. १९९८ ची नोंदणी २०१३ मध्ये संपली आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी गाडी निरीक्षकासमोर उभी करावीच लागते, आणि मारुती ८०० च्या कागदावर दोन आसनांची उघडी गाडी पाहून कोणताही निरीक्षक गप्प बसणार नाही. मारुतीच्या नावाने काढलेला विमाही तुम्हाला वाचवणार नाही. अपघात झाल्यास न्यायाधिकरण कदाचित विमा कंपनीला आधी भरपाई देण्यास आणि मग ती मालकाकडून वसूल करण्यास सांगेल, कदाचित थेट मालकालाच जबाबदार धरेल. प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी असते. दोन्ही वाटा शेवटी तुमच्या घरापर्यंत येतात.

मग गाडी चालवायचीच नाही का? कलम ३९ ची नोंदणीची सक्ती ‘सार्वजनिक जागी’ वाहन चालवण्याला आहे, आणि कलम २(३४) प्रमाणे जिथे लोकांना येण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा सार्वजनिक ठरते, मग ती वहिवाटीचा रस्ता असो वा नसो. तुमच्या स्वतःच्या कुंपणातल्या शेतात गाडी फिरवण्यास या कलमाची आडकाठी नाही. पाणंद, ग्रामपंचायतीचा रस्ता आणि यात्रेचे मैदान मात्र सार्वजनिकच समजा. गृहनिर्माण संस्थेच्या आतील रस्त्यांबाबत न्यायालयांनी परिस्थितीनुसार वेगवेगळे निष्कर्ष काढले आहेत, त्यावर विसंबू नका. २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाला मिळणारी सूट चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनांनाच आहे, त्यामुळे तोही विचार सोडा. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ज्या बग्गी पिथमपूरच्या बाहा स्पर्धेत धावतात, त्या तिथवर ट्रकवर चढवून नेल्या जातात. तुम्हालाही बंदिस्त ट्रॅकवर संयोजकांच्या अटी पाळून गाडी चालवायची असेल, तर ती तशीच न्यावी लागेल. पेट्रोल पंपापर्यंत चालवत गेल्याची चित्रफीत तुमच्या मित्राने सर्वांना पाठवली, असे तुम्ही सहज लिहिले आहे. ती चित्रफीत तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. असे पुन्हा करू नका. आणि कितीही गिऱ्हाईक आले तरी ही गाडी रस्त्यासाठी म्हणून विकू नका. विक्री केलीत तर कलम १८२अ खाली एका वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारले नाही आणि ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, ती बाब म्हणजे त्या मारुतीचे आरसी बुक. तुम्ही लिहिता की ते अजून साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षकांच्या नावावर आहे, तुमच्याकडे फक्त झेरॉक्स आहे, आणि मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ व ३० वर कोणाचीच सही नाही. दोन वर्षे हे तसेच राहू दिलेत, हे मला समजत नाही. वाहन कायमचे निकामी झाल्यास १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून प्रमाणपत्र जमा करण्याचे कर्तव्य कलम ५५ ने मालकावर टाकले आहे, आणि या कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी कितीही जणांना विकली गेली असली, तरी अपघाताची जबाबदारी नोंदणीतील मालकावरच येते. उद्या त्या एजंटने तो नंबर दुसऱ्याच कोणाच्या गाडीवर लावला, तर पोलीस प्रथम त्या शिक्षकांचे दार ठोठावतील.

म्हणून आधी वाहन पोर्टलवर त्या क्रमांकाची स्थिती, थकीत चलन आणि कर्जाचा बोजा पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाही ना, याची खात्री करा. तशी नोंद निघाल्यास पुढे काहीही करण्यापूर्वी वकिलाला भेटा. नोंद नसेल, तर शिक्षकांकडे जाऊन घडले ते सारे त्यांना सांगा आणि कलम ५५ खालचा अर्ज त्यांच्या सहीने करा, कारण तुमच्या सहीचा तिथे उपयोग नाही. बहुतेक कार्यालये चासी क्रमांकाचा कापलेला तुकडा मागतात. तो आता मिळणार नाही, म्हणून काया किती वजनाने आणि कोणत्या तारखेला परत घेतली याचे भंगारवाल्याचे लेखी निवेदन आणि तुमचे प्रतिज्ञापत्र जोडा. कार्यालय ते लगेच मान्य करील असे नाही; अर्जाची शिक्क्याची पोच मात्र त्याच दिवशी घ्या. त्या पोचीची एक प्रत शिक्षकांकडे राहू द्या. ते हयात नसतील, तर मृत्यूचा दाखला जोडून वारसांच्या सहीने हाच अर्ज करावा लागेल.