ड्रोनचा फोटो गटाच्या हद्दीशी जुळत नाही, मग कोणता कोर्स करू?

प्रश्न : मी नाशिकमध्ये सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेचा ड्रोन ऑर्थो, म्हणजे अनेक फोटो जोडून बनवलेलं नकाशासारखं चित्र मिळालं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो गटांच्या हद्दींवर बसत नाही आणि क्षेत्रही सातबाऱ्यापेक्षा जास्त येतं. पुढे ड्रोन पायलट व्हावं की जीआयएसकडे, म्हणजे संगणकावरच्या नकाशाकामाकडे जावं?

उत्तर : जीआयएसकडे जा, आणि सुरुवात याच फाइलपासून कर. दहावी पास आणि १८ वर्षं पूर्ण असतील तर डीजीसीएची (नागरी हवाई वाहतुकीची नियामक संस्था) मान्यता असलेल्या संस्थेत पायलटचं प्रशिक्षण नंतरही घेता येतं. उडवणारे पुष्कळ मिळतात. फोटो चुकीच्या जागी का बसला हे शोधून लेखी मांडणारा माणूस मात्र प्रत्येक सर्व्हे कंपनीला हवा असतो.

आधी क्षेत्राचं बघू. गूगलचा बेसमॅप (पार्श्वभूमीचा नकाशा) आधी उघडला की प्रोजेक्ट ईपीएसजी ३८५७ या क्रमांकाच्या निर्देशांक-प्रणालीत जातो आणि बागेची हद्दही बहुधा त्यातच आखली जाते. नाशिकच्या अक्षांशावर ही प्रणाली क्षेत्र सुमारे १३ टक्के फुगवते, म्हणजे ४० गुंठ्यांची बाग ४५ गुंठे दिसते. फील्ड कॅल्क्युलेटरमधलं साधं एरिया फंक्शन लेअरच्याच प्रणालीत मोजतं, म्हणून ही चूक तशीच उतरते. हद्दीचा लेअर या भागासाठीच्या यूटीएम ४३ उत्तर प्रणालीत, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये रीप्रोजेक्ट (रूपांतरित) करून पुन्हा मोज.

आता जागेचं. फरक कसा आहे यावरून कारण ओळखता येतं. ऑर्थो आफ्रिकेजवळच्या समुद्रात शून्य-शून्यवर जाऊन पडला, तर त्याला स्थानमाहितीच नाही. जेपीजीसोबतची, चित्राची जागा सांगणारी जेजीडब्ल्यू फाइल पाठवताना मागे राहिली असेल. सगळीकडे एकाच दिशेला दोन-पाच मीटर सरकला असेल, तर उड्डाण आरटीकेशिवाय (उपग्रहावरून मिळणारं स्थान सेंटिमीटरपर्यंत अचूक करणारी पद्धत) झालं किंवा त्यासाठी जमिनीवर ठेवलेल्या बेस स्टेशनचे निर्देशांक चुकले. शंभरएक मीटर सरकला, तर एव्हरेस्ट या भारतातल्या जुन्या डेटमवरचा (निर्देशांक मोजण्याचा आधार) नकाशा आजच्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ डेटमवरचा समजून वापरला गेला. एका कडेला जुळतो आणि दुसरीकडे फाकतो, तेव्हा एखादा ग्राउंड कंट्रोल पॉइंट (ऑर्थो जागेवर बसवण्यासाठी जमिनीवर मोजलेली खूण) चुकलाय किंवा गटनकाशाचाच कागद स्कॅन होण्याआधी आक्रसलाय. ही शेवटची शक्यता मुलं विसरतात आणि बरोबर असलेला ऑर्थो ओढूनताणून नकाशावर बसवतात. तसं करू नकोस.

इथे एक सापळा आहे. ‘असाइन प्रोजेक्शन’ फक्त फाइलवरचं लेबल बदलतं. ‘वॉर्प’ प्रत्येक पिक्सेलची जागा नव्याने काढतं. लेबल चुकलं असेल तरच पहिलं वापर. ऑर्थोच्या कडेची काळी पट्टी नोडेटा (‘इथे माहिती नाही’) किंमत दिली की जाते, आणि झूम करताना फाइल अडखळत असेल तर ओव्हरव्ह्यू, म्हणजे कमी बारकाव्याच्या प्रती बनव.

नोंद मात्र मन लावून कर, कारण मुलाखतीत तीच दाखवायची आहे. उड्डाणाची तारीख आणि वेळ, उंची, एका पिक्सेलला किती सेंटिमीटर, फोटोंचा एकमेकांवरचा पुढचा व बाजूचा ओव्हरलॅप (साधारण ८० आणि ७० टक्के ठेवतात), ईपीएसजी क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती. कंट्रोल पॉइंट आणि चेकपॉइंट (फक्त अचूकता तपासायला राखलेल्या खुणा) वेगळे लिही. चेकपॉइंट प्रोसेसिंगमध्ये घेतले तर त्यांच्या त्रुटीला काही अर्थ उरत नाही. शेवटी लक्षण, तपासणी, कारण, उपाय, आणि दुरुस्तीनंतर उरलेला फरक मीटरमध्ये. मूळ फाइलवर कधीच दुरुस्ती करू नकोस.

देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन कोर्स मोफत असतात, ते डिप्लोमासोबत होतील. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते. तिथे अशाच तपासणीचं काम असतं. स्वतः उडवायचं झालं, तर ओझर विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर जवळ असल्याने ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा, डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलचा नकाशा आधी बघ.

या आठवड्यात विहिरीचा कठडा, रस्त्याखालच्या मोरीचा कोपरा अशा पक्क्या पाच जागा निवड, झाडं आणि बांध नकोत. प्रत्येक ठिकाणी फरकाची दिशा आणि अंतर मोजून तक्ता पाठव. मग ऑर्थो चुकलाय की गटनकाशा, ते सांगता येईल.