वडिलोपार्जित खारजमिनीत तिवरं उगवली, ती तोडता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातबारा आजोबांपासून तुमच्याच घराण्याकडे, खाडीचं पाणी अडवणारा बांध फुटून सात वर्षं झाली, भाताच्या शेतात तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळवनाची झाडं, डोक्याच्या वर गेली. स्वतःच्या जमिनीतली झाडं तोडायला कायदा आडवा का यावा?

आधी हे सांगतो, तोडू नका. जेसीबीवाल्याला शब्द दिला असेल तर आजच नको म्हणून कळवा.

मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 ला राज्यभर कांदळवनतोडीवर बंदी घातली आणि 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात ती कायम केली. भोवतालच्या 50 मीटरमध्ये बांधकाम नाही, भराव नाही. जमीन सरकारी की खासगी हा प्रश्नच त्यात येत नाही. 1 एप्रिल 2024 पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैद जाऊन 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड आला, म्हणून काही जण सैलावलेत. पण तुमचा गट वन म्हणून अधिसूचित झाला असेल तर वन कायद्याचा गुन्हा वेगळा लागतो. तलाठ्याकडून सातबाऱ्यावरच्या इतर हक्कातली नोंद आधी बघून घ्या.

आता मुख्य मुद्दा. सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) 2019 च्या अधिसूचनेतलं एक कलम जणू आमच्या खारेपाटाकडे, या बांधाआडच्या खाडीकाठच्या शेतांकडे, बघूनच लिहिलंय. बांध किंवा उघाडी (बांधातली पाणी सोडायची झडप) 19 फेब्रुवारी 1991 पूर्वीची असेल, तर भरतीरेषा तिथेच थांबते. पण त्याच दमात पुढे म्हटलंय की खारं पाणी शिरून बांधाच्या आत कांदळवन उगवलं, तर ते सीआरझेड-1अ, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा वर्ग, मग क्षेत्र कितीही असो, आणि ती जागा दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. म्हणजे बांध उभा तोवर शेत तुमचं. बांधाला खांड (भगदाड) पडली, तिवर रुजलं की नाव तुमचं आणि जमीन तिवराची!

आमची पावणेदोन एकर अशीच गेली. भाद्रपदातलं उधाण, भात पोटरीत. उघाडीपासून वीसेक पावलांवर चिंबोरीचं (खेकड्याचं) बीळ होतं, त्यातून आतल्या बाजूला करंगळीएवढी धार लागलेली चुलत्यांनी सकाळी पाहिली. चिखल-पेंढा कोंबला. रात्रीच्या भरतीला तिथे बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. पूर्वी अशा वेळी घरटी एक माणूस बांधावर यायचा, हातोहात चिखलाचे गोळे पुढे जायचे. त्या दिवशी आम्ही नऊ जण होतो आणि त्यातले पाच साठीच्या पुढचे. बाकीचे कंपनीच्या पाळीला किंवा मुंबईला.

बांध दुरुस्तीसाठी सरकारकडे अर्ज केला. उत्तर आलं की तुमचा बांध खासगी योजनेत मोडतो, सरकारी यादीत नाही. पुन्हा अर्ज, मग पाहणी, मग अंदाजपत्रक, मग निधी नाही. तोवर उधाणाबरोबर वाहत आलेलं तिवराचं चपटं हिरवट बी चिखलात रुजलं. तिसऱ्या वर्षी रोपं गुडघ्याला लागली आणि त्याच अर्जावर नवं उत्तर आलं, जागेवर कांदळवन आहे, परवानगीशिवाय काम करता येणार नाही.

म्हणून माझा राग कोर्टावर नाही. तिवरावर तर नाहीच. आजोबा बांधाबाहेरच्या तिवराच्या फांद्या सरपणाला आणत, पण बुंध्याला कोयता लावू देत नसत, कारण लाटेचा पहिला मार ते खातं. माझा राग यावर आहे, की कायदा आज जागेवर काय उभं आहे एवढंच बघतो, खारं पाणी आत कुणाच्या हयगयीने आलं ते विचारत नाही. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पाला उच्च न्यायालयाकडे परवानगी मागायची वाट आहे. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर 2022 मध्ये सुमारे 22 हजार कांदळवृक्ष तोडायची मुभा त्याच वाटेने मिळाली. पावणेदोन एकराची खांड बांधायला वकील कोण लावणार?

तुम्ही मात्र कागद जमवायला लागा. सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत भात शेवटचं कोणत्या वर्षी आहे, बांध 1991 पूर्वीचा असल्याचा कोणताही जुना नकाशा किंवा नोंद, खांड पडल्यावरचा पंचनामा, पोच असलेले अर्ज. पाणी केव्हा शिरलं आणि तुम्ही केव्हा ओरडलात, हे भरपाई मागताना यावरूनच दाखवता येईल. वन खात्याच्या कांदळवन कक्षामार्फत खेकडापालन, कालवं (खाण्याचे शिंपले) वगैरेंसाठी उपजीविका योजना आहे, तीही विचारून बघा. माझ्या चुलत्यांनी नाक मुरडलं. ज्या चिंबोरीने शेत खाल्लं तीच पाळायची, म्हणाले.

आणि तुमची काही जमीन अजून गोडी, म्हणजे खारं पाणी न शिरलेली, असेल तर सगळा जोर तिथे लावा. येत्या अमावास्येच्या भरतीला आतल्या बाजूने बांधावर चक्कर मारा. जिथे ओल झिरपताना दिसेल तिथे काठी रोवा आणि ओहोटी लागली की बाहेरून बीळ शोधून त्याच दिवशी बुजवा. पावसाळा संपायची वाट बघू नका, भाद्रपदाची उधाणं त्याआधीच येतात.