बुद्धिचाचणी मुलाच्या भाषेत हवी

प्रश्न : माझा ११ वर्षांचा मुलगा बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत पाचवीत शिकतो. त्याला नीट वाचता-लिहिता येत नाही. मात्र दुकानातून सामान आणून उरलेले पैसे तो चोख मोजून देतो. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात त्याची बुद्धिचाचणी कन्नडमधून झाली. तो बहुतेक वेळ गप्पच राहिला, आणि आता बौद्धिक अपंगत्व असल्याचे लिहून मिळाले आहे. आम्ही काय करावे?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, पैशांचा हिशेब ठेवणारे मूल केवळ वाचनात अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीची, शक्यता आधी तपासायला हवी. ती आणि बौद्धिक अपंगत्व या दोन वेगळ्या बाबी असून २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्यांची नोंदही वेगवेगळी आहे. न समजलेल्या प्रश्नापुढे मूल गप्प राहिले म्हणून त्याची बुद्धी कमी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. हे भान आपल्या भागाला नवे नाही : व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिचाचणीचे जे रूपांतर सिद्ध केले, ते कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषिक मुलांसाठी होते, आणि बिने-कामत चाचणी म्हणून ते आजही वापरले जाते. शिवाय ठोकळे आणि आकृत्यांच्या अशा चाचण्या आहेत, ज्यांत मुलाला फारसे बोलावेच लागत नाही.

पहिल्यांदा त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. त्यानंतर मराठीतून फेरतपासणी व्हावी, असा लेखी अर्ज दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याकडे करा आणि पोच घ्या. त्याच कायद्याच्या कलम ५९ नुसार दाखल्याबाबतच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० मुळे गाऱ्हाणे मराठीतून मांडण्याचा अधिकारही तुम्हाला आहे. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत चिकित्सा-मानसशास्त्राचा विभाग आहे, तेथेही विचारणा करावी. तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नका.

या तपासणीचा एक भाग तुमच्याशी बोलून पूर्ण होतो. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, एकटे कुठवर जाते, यांवरून त्याची सामाजिक परिपक्वता ठरते. ते प्रश्न तुम्हालाही मराठीतून समजले पाहिजेत. दुभाषा लागला तर तो जाणता असावा, सोबत आलेल्या शेजाऱ्यावर ही जबाबदारी टाकू नये. दाखला मिळावा म्हणून मुलाला येत असलेले काम येत नाही असे सांगण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका, कारण पुढचे शिक्षण त्या नोंदीवरूनच आखले जाते.

जाताना मराठीच्या आणि गणिताच्या वह्या, तसेच वर्गशिक्षकांचे लेखी निरीक्षण सोबत न्या. अध्ययन अक्षमता निश्चित झाली, तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलतींसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज करता येईल.