चेकराइडला दोनदा फेल झालो, आता एअरलाइन घेईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर इंदूरला, सुदामा नगरात; ट्रेनिंग अमेरिकेत. आधी इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या (फक्त उपकरणं बघून उडण्याच्या परवानगीच्या) चेकराइडला, म्हणजे एक्झामिनरसोबतच्या उड्डाण परीक्षेला अडकलात, आता कमर्शियल परवान्याच्या चेकराइडला पॉवर-ऑफ १८० मध्ये (इंजिनाची ताकद काढून, अर्धा फेरा वळून ठरलेल्या खुणेवर उतरणं). एजंट म्हणतो, इथल्या एअरलाइनच्या फॉर्मवर फेलचं लिहूच नका, तिकडचं इकडे कोण बघायला येतंय? आणि घरचे विचारताहेत, आता कोणी घेईल का.

घेतील. दोन फेल, तेही वेगवेगळ्या कारणांनी, एवढ्याने करिअर बुडत नाही. एजंटचं मात्र ऐकू नका.

मी इंदूरचाच. बरीच वर्षं एअरलाइनमध्ये काढली, निवडीच्या पॅनलवरही बसलो, आता रामबागेत घरीच मुलांच्या मॉक मुलाखती घेतो. एजंट एक गोष्ट सोयीस्कर विसरतो: लॉगबुक, म्हणजे पायलटची उड्डाणांची नोंदवही. फेल झाल्यावर पुन्हा टेस्ट द्यायची तर एफएएच्या (अमेरिकेच्या विमान नियामकाच्या) नियमाप्रमाणे इन्स्ट्रक्टरला जादा ट्रेनिंग दिल्याची नोंद करून सही द्यावी लागते. ती बहुतेक तुमच्या लॉगबुकातच असते, आणि मुलाखतीला लॉगबुक टेबलावर असतं. फॉर्मवर ‘एकदाही फेल नाही’ आणि आत ती सही, मग पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. फेल झालेला मुलगा आम्ही घेतलाय. खोटं लिहिणारा नाही घेतला.

जुने फेल खोदून विचारायची खोड एअरलाइनना का लागली, तेही सांगतो. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. स्टॉलचा (वेग घटून पंखांची उचल जाण्याचा) इशारा आल्यावर कॅप्टनने कंट्रोल कॉलम पुढे न करता मागे ओढला. चौकशीत निघालं की कंपनीत येण्याआधी तो तीन चेकराइडला फेल झाला होता आणि अर्जात त्याने एकच लिहिली होती. कंपनीत आल्यावरही तो चेकमध्ये अडकला होता. त्यानंतर २०१० च्या कायद्याने पायलटच्या नोंदींचा डेटाबेस करायला लावला; २०२१ मध्ये त्याचे नियम अंतिम झाले. आता तिकडच्या एअरलाइनला नोकरी देण्याआधी तो बघावाच लागतो. मधल्या काळात, २०१९ मध्ये, टेक्ससला ॲटलास एअरचं मालवाहू विमान पडलं. त्याच्या को-पायलटनेही आधीच्या नोकऱ्यांमधली अपयशं दडवली होती.

म्हणजे पॅनल फेलचा नुसता आकडा बघत नाही. तोच दोष परत परत येतोय का, हे बघतं. इन्स्ट्रुमेंटला अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणं) ढिला, कमर्शियलला ग्लाइड चुकला, या दोन वेगळ्या गोष्टी. पण प्रत्येक टेस्टला घाई झाली की हातपाय गळतात असं दिसलं, तर प्रश्न माणसाबद्दलचा होतो. डीजीसीएच्या (आपल्याकडच्या विमान नियामकाच्या) लेखी पेपरला ७० टक्के मिळाले नाहीत म्हणून परत बसलात, त्याचं फारसं कोणाला काही नसतं. टाइप रेटिंगला (एअरलाइनच्या ठराविक विमानाच्या परीक्षेला) किंवा लाइनवर (नेहमीच्या उड्डाणांवर) आल्यावर फेल होणं मात्र खरंच जड जातं.

आता उत्तर कसं द्यायचं. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला होता, तुमच्यासारखाच पॉवर-ऑफ १८० ला अडकलेला. विचारलं, काय झालं? म्हणाला, “सर, वारा होता, आणि एक्झामिनरही खडूस होता.” बरं, मग? गप्प. त्याला चहा दिला आणि कागदावर सर्किट (उतरण्याआधीचा धावपट्टीभोवतीचा फेरा) काढायला लावलं. थ्रॉटल कुठे मागे घेतलास, बेसला (धावपट्टीकडे वळण्याआधीच्या आडव्या टप्प्याला) कुठे वळलास? काढता काढता त्याच्याच लक्षात आलं: डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) मागच्या वाऱ्याने लांब नेलं, तरी बेसला तो नेहमीच्याच जागी वळायला थांबला, फायनलला (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्याला) तोच वारा समोरून आला आणि ठरलेल्या खुणेच्या अलीकडेच चाकं टेकली. तिथे खुणेपुढे २०० फुटांपर्यंत चालतं, अलीकडे एक फूटही नाही. मग म्हटलं, हे एवढंच सांग, आणि रिटेस्टच्या आधी वाऱ्याप्रमाणे वळण कसं बदललंस ते सांग. एक्झामिनरचं नावही काढू नको. (खडूस असेलही, पण पॅनलवर त्याचेच भाऊबंद बसलेले असतात.)

तुमची रिटेस्ट बाकी असेल तर ६० दिवसांच्या आत द्या. त्या मुदतीत पास झालेल्या भागांचं क्रेडिट एक्झामिनर सहसा धरतो, उरलेलंच करावं लागतं. आणि टेस्टच्या मध्ये हवा बिघडली किंवा तब्येतीला बरं वाटेना, तर ओढूनताणून पुढे जाऊ नका. तिथेच थांबलात तर ‘लेटर ऑफ डिसकंटिन्युअन्स’ मिळतं, ते फेलमध्ये धरत नाहीत. मात्र एखादी मनूव्हर (परीक्षेतली ठरलेली कसरत) बिघडल्यावर ही वाट बंद होते.

इकडे आल्यावर परवाना बदलून घेण्याचे पेपर आणि एअरलाइनचा सिम्युलेटर चेक आहेतच. सिमला चांगले उडलात तर मुलाखतीत तुमच्या फेलवर दोन मिनिटांहून जास्त वेळ जात नाही. घरच्यांना हवं तर माझं हे उत्तर वाचायला द्या.