नडगीचे दुखणे आणि खेळाडू कोटा

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. ती 1500 मीटर धावते. यंदा शालेय विभागीय स्पर्धेत चौथी आली. अभ्यासात 82 ते 84 टक्के मिळतात. अकरावीला पुण्यात इंटिग्रेटेड (कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्र असलेल्या) कॉलेजात घालून इंजिनिअरिंगची तयारी करून घ्यायची आणि प्रवेश खेळाडू कोट्यातून मिळवायचा, असा विचार आहे. त्यासाठी राष्ट्रीय पातळीचे प्रमाणपत्र हवे, म्हणून एका संघटनेच्या गोव्यातील स्पर्धेत नाव घालत आहोत. फी 9,500 रुपये आहे आणि ती महिनाअखेर भरायची आहे. दोन महिन्यांपासून तिची नडगी दुखते, पण एवढी स्पर्धा होईपर्यंत ढकलू. आपल्या जिल्ह्यातील धावपटू ललिता बाबर यांच्यासारखे तिनेही नाव काढावे, ही इच्छा आहे. मार्ग सांगावा.
— एक पालक, फलटण

उत्तर : आपल्या पत्रात नडगीच्या दुखण्याच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे, आणि मी पत्र तीनदा वाचले तरी त्या वाक्यापाशीच थांबलो. वाढीच्या वयात रोज धावणाऱ्या मुलीची नडगी दोन महिने दुखत असेल, तर हाडावरील आवरणाला सूज आली असेल किंवा हाडाला बारीक तडाही गेला असेल. यांतले काय झाले आहे हे वरून पाहून सांगता येत नाही, आणि असा तडा सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेमध्येही पुष्कळदा दिसत नाही. त्याच पायावर शर्यत मारली, तर काही आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येणारे हाड पुरते मोडू शकते. आणखी एक गोष्ट तिच्या आईने तिला एकांतात विचारावी : पाळी नियमित येते का? लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींमध्ये सराव वाढतो आणि खाणे तेवढेच राहते, तेव्हा पाळी लांबते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. घरात याला अशक्तपणा म्हणून सोडून दिले जाते, किंबहुना पाळी नाही म्हणजे सरावात खंड नाही, असे समाधानही काही ठिकाणी मानले जाते, हे मी स्वतः ऐकले आहे.

‘ढकलू’ हा शब्द आपण सहज लिहिला असेल, मुलीविषयी माया नाही म्हणून खचित नव्हे. पण दुखऱ्या पायावर साडेसातशे मीटर गेल्यानंतर पुढचे साडेसातशे मीटर तिला एकटीला काढायचे आहेत. पत्रात तिचा क्रमांक आहे, टक्के आहेत, फी आहे. तिला धावायला आवडते का आणि इंजिनिअर व्हायचे आहे का, हे कुठेच नाही. ललिता बाबर यांचे नाव आपण घेतले आहे, म्हणून त्यांचीच वाटचाल पाहू. माण तालुक्यातील या धावपटूचा जन्म 1989 चा. त्या आधी लांब पल्ल्याच्या शर्यती आणि मॅरेथॉन धावल्या, स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे) नंतर वळल्या, 2014 च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी त्या प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. आपली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची आहे. तिच्यापुढे दहा-बारा वर्षे असताना या महिनाअखेरीची घाई कोणासाठी आहे?

आता ज्या कोट्यासाठी हे सगळे चालले आहे, त्याविषयी. आपण, आणि आपल्यासारखे अनेक पालक, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहात. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे ते राज्य शासनाच्या नोकऱ्यांमध्ये, आणि तेथेही खेळ, स्पर्धेचा स्तर आणि मिळवलेले स्थान नियमात बसावे लागते, शिवाय क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या मात्र सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर चालतात, आणि आपण समजता तसा खेळाडू कोटा त्यांत नाही. आयआयटी मद्रासने 2024 पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अतिरिक्त जागा ठेवल्या आहेत, परंतु त्यांसाठी आधी जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत यावे लागते आणि गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील पदक असावे लागते; म्हणजे खेळाने अभ्यासाची जागा तेथेही घेतलेली नाही. दिल्ली विद्यापीठातील खेळाडूंच्या जागांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि मैदानावर चाचणीही होते. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण मंडळाच्या निकालात मिळवले जातात, सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये नाहीत. त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो. तिच्या यंदाच्या कामगिरीवर तो होतो का, हे क्रीडाशिक्षकांना या आठवड्यातच विचारा.

गोव्याच्या स्पर्धेविषयी स्पष्ट लिहितो : जाऊ नका. शालेय खेळाडू तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढून राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचतो, आणि संघटनेच्या वाटेने जायचे असेल तर जिल्हा व राज्य अॅथलेटिक्स संघटनेची निवड लागते. जेथे निवड चाचणी न देता केवळ फी भरून ‘राष्ट्रीय’ होता येते, तेथील प्रमाणपत्र पडताळणीच्या टेबलावर बाद होते. नोकरीच्या उंबरठ्यावर येऊन असे कागद परत मिळालेली मुले मी पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी घाम खरोखरच गाळला होता, आणि म्हणूनच पालकांच्या या खरेदीचा मला राग येतो. आपल्या मुलीने विभागात मिळवलेला चौथा क्रमांक त्या गोव्याच्या पदकापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, कारण तो तिने धावून मिळवला आहे.

इंटिग्रेटेड कॉलेजविषयी एवढेच, की अशा ठिकाणी दिवस क्लासच्या वेळापत्रकावर चालतो, आणि अनेकांना स्वतःचे मैदानही नसते. एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धेची प्रवेशिका कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जाते. ती भरणारा क्रीडाशिक्षकच तेथे नसेल, तर मुलगी कितीही वेगाने धावो, ती स्पर्धेच्या यादीत नसेल. तिला खेळ चालू ठेवायचा असेल, तर जेथे तिचे आताचे प्रशिक्षक आहेत तेथेच, फलटणमध्ये, अकरावी करावी. विज्ञान शाखा घ्यायची तर जरूर घ्यावी. तिला रस असेल तर पुढे फिजिओथेरपी किंवा शारीरिक शिक्षण हेही मार्ग आहेत.

पदवीसाठी कॉलेज निवडाल तेव्हा माहितीपत्रकातील पदकांची छायाचित्रे पाहून ठरवू नका. पहाटे साडेपाचला तेथे जाऊन उभे राहा. मैदान उघडे आहे का, दिवे लागले आहेत का, मुली सरावाला आल्या आहेत का, वसतिगृहाचे फाटक त्या वेळी उघडते का आणि सरावाहून परतणाऱ्या मुलीला मेसमध्ये आठनंतरही नाश्ता मिळतो का, हे डोळ्यांनी पाहा. खेळाडू विद्यार्थिनीचे कॉलेजजीवन या बारीक गोष्टींवर तरते. आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा पुष्कळदा प्रात्यक्षिके आणि सत्र परीक्षांच्या आसपास येतात, हजेरी बुडते, प्रयोगवह्या अपुऱ्या राहतात. अशा वेळी हजेरीसाठी पत्र देणारा आणि फेरपरीक्षेच्या सोयीसाठी वेळेत अर्ज करायला लावणारा क्रीडा संचालक असेल, तर मुलगी दोन्ही सांभाळते. तो नसेल तर दुसऱ्या वर्षापर्यंत बूट कपाटात जातात.

महिनाअखेरची ती फी भरू नका. त्या पैशांतून क्रीडावैद्यक जाणणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, सोबत रक्तातील हिमोग्लोबिन, लोह आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्या, आणि डॉक्टर सांगतील तोवर धावणे पूर्ण बंद ठेवा. विश्रांतीमुळे ती रडेल, चिडेल, आपण मागे पडलो म्हणेल; तेव्हा तिच्याजवळ बसा आणि प्रमाणपत्राचा विषय काढू नका. शाखेचा निर्णय दहावीच्या निकालानंतर घेता येईल. तोपर्यंत मला एक पत्र तिच्या हातचे हवे आहे, आपण न वाचता पाकिटात घातलेले.