शरीराचा गेम, पण क्विझ नको
प्रश्न: मुलांसाठी शरीरावर व्हिडिओ गेम बनवतोय, प्रत्येक लेव्हलनंतर क्विझ ठेवलीय पण मुलं तिथेच कंटाळून बंद करतात. काय करू?

उत्तर: आधी क्विझ काढा हो! शरीराचं कामच गेमचा नियम करा ना, म्हणजे प्लेयर लाल पेशी झाला की फुफ्फुसात ऑक्सिजन भरायचा, हृदयाच्या डाव्या बाजूने सुटायचं, स्नायूत माल उतरवून उजव्या बाजूने परत, आणि उशीर झाला की कॅरेक्टरचे पाय थकतात, मग रक्ताभिसरण वेगळं शिकवावंच लागत नाही. झडपा एकाच दिशेने उघडतात, हा तर आयता अडथळा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तोच टायमर. फक्त रक्त निळं दाखवू नका प्लीज, ऑक्सिजन कमी असला तरी ते गडद लालच असतं.