शिंगाळ्याचे शिंग कोणते?

इंदूरच्या एका भगिनींचा प्रश्न असा आहे: "बाजारातून आणलेल्या माशाला विक्रेता 'सिंघाड़ा' म्हणाला, सासूबाई त्यालाच 'शिंगाळा' म्हणतात आणि मुलगा म्हणतो की हा 'मांजरमासा'. मासा दीड हात लांब होता. अंगावर खवले नव्हते, तोंड पसरट होते, मिशा आठ होत्या, पाठीवर काटा होता आणि शेपटीजवळच्या मऊ परावर एक काळा ठिपका होता. यांतला बरोबर शब्द कोणता? आणि उपासाच्या शिंगाड्याशी या माशाच्या नावाचा काही संबंध आहे काय?"

'मांजरमासा' हा शब्द प्रथम बाजूला काढतो, कारण गेली काही वर्षे तो सतत कानावर पडतो आणि दर वेळी खटकतो. इंग्रजांना या माशाच्या मिशा पाहून मांजर आठवले आणि त्यांनी त्याला 'कॅटफिश' म्हटले, म्हणून आपल्यालाही तेच आठवले पाहिजे असे नाही. मराठीत मांजराची आठवण डोळ्यांवरून होते. 'मांजरे डोळे' म्हणजे घारे डोळे, हे लहान मुलालाही कळते, आणि त्यामुळे 'मांजरमासा' ऐकून मराठी कानाला घाऱ्या डोळ्यांचा मासा सुचावा. आपल्या लोकांनी या माशांना शिंगाळा, पडीन, मागूर, शिंगी अशी एकेकाची वेगळी नावे दिली, कारण ते मासे एकमेकांपासून वेगळे ओळखता येणे त्यांच्या पोटापाण्याशी निगडित होते. सबंध गणाला एकच नाव हवे असेल तर 'मिशाळ मासे' म्हणावे. हाती धरलेल्या माशाला मात्र त्याचे स्वतःचे नाव असताना भाषांतरित नाव देण्याचे कारण नाही.

भगिनींनी दिलेली लक्षणे इतकी नेमकी आहेत की ओळखीबद्दल शंका राहत नाही. चार जोड्या मिशा, चमच्यासारखे पसरट मुस्कट आणि शेपटीआधीच्या मेदपराच्या, म्हणजे त्या मऊ पराच्या, मागच्या टोकाला काळा ठिपका, हा शिंगाळाच होय. शास्त्रीय नाव स्पेराटा सिंघाला. त्याचा सख्खा भाऊ स्पेराटा एओर याच्याही मेदपरावर तसाच ठिपका असतो. त्यामुळे ठिपक्यावर थांबू नये, वरच्या जबड्याची मिशी मागे ओढून पाहावी. एओरची मिशी शेपटीपर्यंत पोहोचते, शिंगाळ्याची त्याच्या बरीच अलीकडे संपते. एओर हे नाव फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात बंगाली 'आड़' या नावावरून दिले.

'सिंघाला' हे दुसरे नाव कोठून आले, हे सांगताना मला नेहमीच आनंद होतो, कारण ते आपले आहे. मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील मासे जमवले, आणि 1839 साली त्यांची वर्णने प्रसिद्ध करताना अनेक माशांना तेथल्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन वेशात चढवून दिली. महसीर जातीच्या माशांपैकी एकाचे 'खुद्री' आणि दुसऱ्या एका माशाचे 'नुक्ता' ही नावे त्यांचीच. त्या 'नुक्ता'च्या मुस्कटावर नाक कापल्यासारखी खाच असते, त्यामुळे मूळ शब्द 'नकटा' असणार, असे माझे ठाम मत आहे. आपल्या माशाला साइक्स यांनी 'प्लॅटिस्टोमा सिंघाला' म्हटले. पुढे पहिले पद बदलले, दुसरे टिकले. जगातल्या कोणत्याही देशातील मत्स्यशास्त्रज्ञ हा मासा हाती घेतो तेव्हा मराठी शब्दच उच्चारतो.

त्या नावातील 'ला' हे अक्षर नीट पाहावे. रोमन लिपीत ळ नाही, म्हणून साइक्स यांना ल लिहावा लागला. हेच नाव त्यांनी एखाद्या हिंदी भाषकाकडून 'सिंघाड़ा' असे ऐकले असते, तर शेवटी र किंवा ड लिहिला असता, ल कधीच नाही. आपल्या ळ-कारासमोर हिंदीत ड़ येणे ही जुनीच वाट आहे. आपला गूळ तिकडे गुड़ होतो. तेव्हा इंदूरचा विक्रेता 'सिंघाड़ा' म्हणतो तेव्हा तो चुकत नाही आणि सासूबाई 'शिंगाळा' म्हणतात तेव्हा त्याही चुकत नाहीत. एकाच शब्दाची ही दोन घरे आहेत, आणि नर्मदेच्या या तीरावर ती शेजारी-शेजारी आहेत. शब्दाची घडण सरळ आहे: शिंग आणि 'आळ' हा प्रत्यय. केसाळ, दाताळ, तसा शिंगाळ.

शिंग कोणते, हा खरा वाद आहे. बहुतेक जण, आणि त्यांत भाषेवर लिहिणारे पुष्कळ, मिशांकडे बोट दाखवतात. गोगलगायीच्या शिंगांप्रमाणे माशाच्या मिशा, असे त्यांचे म्हणणे. हे मत मला मुळीच मान्य नाही. या मंडळींनी मासा ताटात पाहिला आहे, जाळ्यात पाहिलेला नाही. मिशीच शिंग असती, तर शिंगाळा हे नाव सर्वांआधी पडिनाला मिळाले असते, कारण पडिनाच्या मिशांच्या दोन जोड्यांपैकी वरची जोडी फार लांब असते. पण पडिनाला कोणी शिंगाळा म्हणत नाही. त्याच्या पाठीवरचा पर अगदी आखूड असतो आणि त्याला काटाच नसतो. त्याची ओळख तोंडावरून पटते. जबड्याची फट डोळ्याच्याही मागे जाते आणि आत बारीक दातांच्या दाट पट्ट्या असतात. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने 'सहस्रदंष्ट्रः पाठीनः', म्हणजे हजार दातांचा तो पाठीन, असे म्हटले आहे, आणि पडीन हा शब्द त्या पाठीनाचाच वंशज आहे. मनुस्मृतीत भक्ष्य मासे सांगताना खवले असलेले सर्व मासे एका शब्दात उरकले आहेत, पण पाठीनाचे नाव रोहिताबरोबर, म्हणजे रोहू माशाबरोबर, वेगळे घेतले आहे. पाठीनाला खवले नसतात, म्हणून त्याचे नाव घेणे भागच होते, असे मी समजतो.

शिंग म्हणजे काटा. लहानपणी महेश्वरच्या घाटावर एका वृद्ध केवटाने मला हे दाखवले होते, ते आजही डोळ्यांसमोर आहे. त्याने नुकत्याच पकडलेल्या शिंगाळ्याचा पाठीवरचा काटा उभा केला आणि मला तो बोटाने खाली दाबायला सांगितला. काटा हलेना. मग त्याने काट्याच्या बुडाशी असलेला दुसरा इवलासा काटा नखाने दाबला, आणि मोठा काटा अलगद मिटला. ही या माशाची खिट्टी. छातीच्या परांचे काटेही असेच आडवे उभारले जातात आणि त्यांच्या आतल्या कडेला करवतीसारखे दाते असतात. त्या दात्यांत जाळ्याचा दोरा अडकला की सोडवता सोडवत नाही. अंगठा आणि तर्जनी या काट्यांच्या मागे घालून मासा कसा धरायचा, तेही त्या केवटाने शिकवले. ज्या लोकांनी हे नाव ठेवले, त्यांच्या हाताला रोज काय टोचत होते, याचा विचार केला म्हणजे मिशांचे मत टिकत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रातल्या मिशाळ माशालाही शिंगाळाच म्हणतात, आणि तेथेही कोळी मिशीला भीत नाहीत, काट्याला भितात.

दुसऱ्या एका जाणकार स्नेह्यांचे म्हणणे असे की 'सिंघाड़ा' या शब्दात घ आहे, तेव्हा मूळ 'सिंह' असावे, कारण मनुस्मृतीत 'सिंहतुण्ड' नावाचा मासा येतो. हा तर्क आकर्षक आहे, पण पाण्यातल्या शिंगाड्यालाही हिंदीत 'सिंघाड़ा'च म्हणतात, आणि त्याचे मूळ संस्कृत 'शृङ्गाटक' आहे, याबद्दल कोणाचा वाद नाही. तेथे सिंहाशिवाय घ येऊ शकतो, तर माशाच्या नावातही येऊ शकतो.

शिंगी या माशाने तर अमरकोश रचणाऱ्या प्रत्यक्ष अमरसिंहालाही चकवले आहे. 'मद्गुरस्य प्रिया शृङ्गी' असे तो सांगतो, म्हणजे मागुराची मादी ती शृंगी. अमरकोशाबद्दल मला नितांत आदर आहे, पण हे विधान चूक आहे. मागूर आणि शिंगी या दोन वेगळ्या जाती आहेत आणि दोहोंत नर-माद्या असतात. मागुराच्या पाठीवरचा पर डोक्यामागून निघून जवळजवळ शेपटीपर्यंत जातो. शिंगीचा तोच पर इवलासा, चिमटीत मावेल एवढा असतो. मागुराला कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखे हवेत श्वास घेण्याचे इंद्रिय असते, शिंगीला शरीरात मागे लांबवर गेलेल्या दोन हवेच्या पिशव्या असतात. मात्र दोघांनाही आठ मिशा, दोघांचा रंग काळपट, दोघेही पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतात आणि म्हणून जिवंतच विकले जातात. एकाच घमेल्यात वळवळणारे थोर आणि लहान मासे पाहून कोशकाराने त्यांना नवरा-बायको ठरवले असावे, असे मला वाटते. नाव मात्र त्याने अचूक नोंदवले. शिंगीच्या छातीच्या काट्याला विष असते, त्याची टोचणी फार वेळ ठणकते, आणि त्या काट्यामुळेच ती शृंगी. मिशा मागुराला तेवढ्याच असूनही शृंगी हे नाव त्याला मिळाले नाही, हा माझ्या मताला आणखी एक आधार. मागुराच्या छातीलाही काटा असतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे, पण शिंगीच्या काट्यासारखी दहशत त्याची नाही.

उपासाच्या शिंगाड्याचे राहिले. संबंध आहे, पण तो आजोळाचा. शिंगाड्याच्या फळाला दोन टोकदार शिंगे असतात, म्हणून ते शृंगाटक. माशाला काटे असतात, म्हणून तो शिंगाळा. दोघांचे मूळ 'शृंग' एकच, पण फळावरून माशाला किंवा माशावरून फळाला नाव पडलेले नाही. मराठीने हा भेद स्वच्छ ठेवला आहे: फळाला ड, माशाला ळ. हिंदीत दोन्ही 'सिंघाड़ा' झाल्यामुळे बाजारात घोटाळा होतो. तेव्हा विक्रेत्याशी बोलताना त्याचा शब्द खुशाल वापरावा, आणि घरी सासूबाईंचा ळ तसाच ठेवावा.